चार बिया जास्तीच्या

महाशिवरात्रीच्या सुमारास कृषी सेवा केंद्रात उभं राहिलं की दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक, कलिंगडासाठी विद्राव्य खताची गोणी नाहीतर कांद्यावरच्या करप्याला औषध मागणारी. दुसरी, काउंटरच्या कोपऱ्यातल्या तारेच्या स्टँडवरून भाजीच्या बियांची छोटी पाकिटं उलटसुलट करून बघणारी. या दुसऱ्या जातीतल्या एका बाईंनी परवा मिरचीच्या पाकिटामागची बारीक छपाई वाचली आणि दुकानदाराला विचारलं, "उगवणशक्ती किमान ६० टक्के, असं लिहिलंय. मग उरलेल्या चाळीस टक्क्यांचे पैसे कशाचे घेता?" दुकानदार हसला नाही की चिडला नाही. "चार बिया जास्त टाका, ताई," म्हणाला आणि शेजारच्या शेतकऱ्याचं बिल करायला वळला. बाईंनी पाकीट घेतलं, पैसे दिले, पण समाधान झालं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. प्रश्न रास्त होता. उत्तरही रास्तच होतं. तरी दोन्ही एकमेकांना भेटलेच नाहीत, आणि तेच डोक्यात घोळत राहिलं.

ते ६० टक्के दुकानदाराने ठरवलेले नसतात. प्रमाणित बियाण्यासाठी देशभर पिकागणिक किमान उगवणशक्ती ठरलेली आहे. मिरचीला ६०, टोमॅटो आणि वांग्याला ७०, भेंडीला ६५, दुधीला ६०. प्रयोगशाळेत मिरचीच्या बिया ओल्या कागदावर ठेवतात, सातव्या दिवशी पहिली मोजणी होते आणि चौदाव्या दिवशी शेवटची. तोवर जेवढ्यांची धडधाकट रोपं दिसली तेवढी उगवणशक्ती. पंधराव्या दिवशी जागी झालेली बी हिशेबात नाही. चांगलं ताजं बियाणं या आकड्याच्या बरंच वर असतं, पण पाकिटावर छापायचं ते किमान. मला या छपाईचं मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे शंभर टक्के निकालाची हमी देणारे क्लास आहेत, शंभर टक्के लग्न जमवून देणारी मंडळं आहेत. आशा विकणाऱ्या या सगळ्या बाजारात, दहातल्या चार उगवल्या नाहीत तरी तक्रार करू नका, हे आधीच लिहून देणारं हे एवढंच पाकीट.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५० कपांचा ट्रे घेतला आणि प्रत्येक कपात एकेक बी टोकली, तर ६० टक्क्यांच्या बियाण्यात साधारण ३० कपांत रोप दिसेल, २० रिकामे. दोन-दोन टोकल्या तर ४२ कपांत निदान एक रोप, ८ तरीही रिकामे, आणि १८ कपांत दोन-दोन. तीन-तीन टाकल्या तरी तीनेक कप रिकामे राहतातच, आणि तिकडे तीसेक कपांत गर्दी होऊन बसते. म्हणजे बी कितीही ओता, सगळे कप भरण्याची खात्री विकत मिळत नाही. वाढतो तो जास्तीच्या रोपांचा प्रश्न. म्हणून मिरचीला, वांग्याला दोन बिया हा मधला मार्ग. टोमॅटो ताजा असेल तर एकेक टोकून चार-पाच कप वेगळे राखीव ठेवावेत. दुधी, दोडका, काकडी यांच्या दोन बिया एका कपात, आणि कारल्याला मात्र हात सैल सोडावा, कारण ते बेभरवशाचं.

पण बी किती यापेक्षा बी कधी, हे आपल्याकडे जास्त नाजूक आहे. थंड देशांत वसंतातली पेरणी उबेच्या दिशेने जाते. न्यू जर्सीत नाहीतर टोरांटोत राहणारी मराठी माणसं मार्चमध्ये तळघरात दिव्यांखाली मिरचीची, वांग्याची रोपं करतात, रोज १४ ते १६ तास उजेड देतात आणि मे महिन्यात शेवटचं दव-हिम सरलं की ती अंगणात नेतात. त्यांचं प्रत्येक पाऊल बऱ्या दिवसांकडे पडतं. आपल्या वसंताची तोंडं दोन. मागे माघाची थंडी, पुढे वैशाखाचा वणवा, आणि मधली फट जेमतेम सहा-सात आठवड्यांची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुण्या-नाशकाकडे रात्रीचं तापमान १२-१३ अंशांवर असतं आणि मिरचीच्या बीला मोड काढायला २५ ते ३० अंश हवेत. त्या थंडीत टाकलेली बी कुजली नाही तरी वीस-वीस दिवस हलत नाही. "होळी जळाली, थंडी पळाली" म्हणून होळीपर्यंत थांबावं, तर रोप लावणीला येईपर्यंत पाडवा उलटून जातो आणि उन्हाचा पारा ३८ वर. म्हणून वेळ साधायची ती अशी : मिरची, वांगं जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, ट्रे घरात, फ्रिजच्या वर किंवा गॅसच्या ओट्याजवळच्या फळीवर, म्हणजे रात्रीची ऊब मिळते. वेलवर्गीय भाज्या आणि भेंडी, गवार, चवळी महाशिवरात्रीच्या आगेमागे, उघड्यावर. टोमॅटो या दिवसांत करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोप छान होतं, फुलंही येतात, पण दिवसाचं ऊन ३८ च्या वर आणि रात्रही तापलेली, अशात पराग निकामी होतात आणि देठासकट फुलं गळतात. हौस असेल तर करा, पण मग फुलांवरच समाधान माना. मिरचीही मे महिन्यात फुलं गाळते, फरक इतकाच की ती तग धरून राहते आणि मृगाच्या सरी पडल्या की पुन्हा धरते. कोकणात हे कोष्टक चालत नाही. तिथे थंडीचा प्रश्नच नसतो आणि भात काढल्यावर वायंगणाच्या भाज्या डिसेंबरपासूनच वाफ्यात असतात.

म्हणजे आपली उन्हाळी पेरणी ही संकट दिसत असताना केलेली पेरणी आहे. मला त्यातच तिची खरी गंमत वाटते. पुढे काय येणार ते पेरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तारखेसकट. तो वैशाख टळावा म्हणून नवस करत नाही. वैशाख येण्याआधी मुळं किती खोल जातील एवढंच बघतो.

माध्यम, म्हणजे बी ज्यात टोकायची ते मिश्रण, साधं ठेवावं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, ६५० ग्रॅमची वीट साडेतीन-चार लिटर पाणी पिते आणि फुगून आठेक लिटर होते. नारळाचा काथ्या बहुधा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो, म्हणून ते दोनदा भरपूर पाण्यात धुऊन पिळून घ्यायचं. "धुतलेलं" असं छापलेलं असलं तरीही. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोप उगवतं, पण दलांच्या, म्हणजे बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, कडा करपतात आणि लोक बियाण्याला दोष देतात. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, बस. शेणखत कितीही जुनं असलं तरी ट्रेमध्ये घालू नये, त्यातून हुमणीची अंडी, तणाचं बी आणि बुरशी असा सगळा परिवार येतो. ओल बघायची जुनी रीत अजून उत्तम : मूठभर घेऊन दाबलं की बोटांच्या फटीत पाणी चमकलं पाहिजे, ठिपकता कामा नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो कपातही असतोच. मिरची, वांग्याची बी अर्धा सेंटिमीटर खोल, दुधी-दोडक्याची दोन सेंटिमीटर आणि आडवी. भेंडी रात्रभर भिजवून थेट कुंडीत, कारण तिचं सोटमूळ कपात वळसे घेतं आणि मग लावलं तरी झाड रुसल्यासारखं उभं राहतं. कारल्याची बी २४ तास कोमट पाण्यात भिजवून, नेलकटरने कडेचं टरफल जरासं कुरतडून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवावी आणि मोड दिसला की कपात टाकावी. कुरतडताना आतली पांढरी डाळ दुखावली तर ती बी गेलीच.

रोपवाटिकांत पेरलेले ट्रे एकावर एक रचून वरून प्लास्टिकने झाकतात, म्हणजे आत ऊब आणि ओल कोंडून राहते. घरी दोन-तीन ट्रे असले तरी हे करता येतं. टोमॅटोला तीन-चार दिवस, मिरचीला सहा-सात. इथेच सगळ्यात जास्त रोपं वाया जातात, आणि तीही उगवणं साधल्यावर. पहिलं कोंब डोकं वर काढताना दिसलं त्याच दिवशी ट्रे सुटे करून उजेडात मांडायचे असतात. "आज दोनच उगवलेत, उद्या सगळे येऊ देत" म्हणून एक रात्र ताणली की अंधारात ते दोन बोटभर लांब होतात, पांढरे, लुळे, आणि पुढे कितीही ऊन दाखवा, मान ताठ होत नाही. दहा टक्के उगवले की उरलेल्या नव्वदांनी उजेडात उगवावं. वाट बघायची ती सगळ्यांची नव्हे, पहिल्याची.

आणि मग काहीच दिसत नाही.

वरून कोकोपीट कोरडं पडायला लागतं, दोनदा फवारा मारून होतो, काडीने कोपऱ्यातलं उकरून बघायचा मोह होतो. उकरू नये. बीमधून पहिलं बाहेर पडतं ते मूळ, आणि ते केसाएवढं असताना जागचं हललं की टोक तुटतं, तुटलेलं दिसतही नाही. फारच चैन पडत नसेल तर पेरतानाच त्याच पाकिटातल्या दहा बिया ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि तो कागद रोज खुशाल उघडून बघावा. ट्रे शांत राहतो आणि आपणही. नवरात्रात घटाभोवती पेरलेल्या धान्याकडे आपण देवघरातलं म्हणून हात जोडून बघतो, पण रब्बीच्या तोंडावर घरातलं बियाणं कसं उगवतंय हे नऊ दिवसांत समोर दिसायची ती सोयही आहेच. कृषी खातं सोयाबीनसाठी दरवर्षी सांगतं तेही हेच : १०० बिया ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर उगवल्या तर नेहमीचं प्रमाण, कमी असतील तर एकरी बी वाढवा. कृषी सेवा केंद्रातलं ते "चार बिया जास्त टाका" इथे मोजून मापून आलेलं आहे.

त्या दिवसांत आत काय चाललेलं असतं ते दुधीच्या रोपात नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मोड आलेली एक बी मुद्दाम उकरून तळहातावर घ्या, एकीचा बळी द्यायला हरकत नाही. चपट्या, कडक टरफलाच्या अरुंद टोकातून मूळ बाहेर पडून खाली वळलेलं असतं. त्या वळणाच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला, एक छोटीशी खुंटी असते. टाचेसारखी. ती टरफलाच्या खालच्या ओठावर रोवलेली असते, आणि वरची मान धनुष्य होऊन उचलायला लागली की टरफल खाली अडकून राहतं आणि दलं त्यातून ओढून निघतात. बी आडवी पेरायची ती यासाठी. उभी टोकली की खुंटीला टरफल नीट सापडत नाही आणि रोप डोक्यावर टोपी घेऊनच बाहेर येतं. उथळ पेरलं किंवा वरचा थर सुकला तरी तेच होतं. ही टोपी चिमटीत धरून ओढू नये, दलं त्यासकट तुटून हातात येतात. पाण्याचा एक थेंब टोपीवर ठेवायचा, अर्ध्या तासाने आणखी एक, संध्याकाळपर्यंत ती मऊ होऊन आपोआप किंवा नखाच्या हलक्या स्पर्शाने सुटते. डार्विनने १८८० साली या खुंटीचं बारकाईने वर्णन करून ठेवलं आहे. पुढे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी काकडीच्या बिया अवकाशयानातून पाठवल्या. तिथे वर-खाली असं काही नव्हतं, आणि रोपांना एकीऐवजी दोन खुंट्या आल्या, दोन्ही बाजूंना. म्हणजे तयारी मुळात दोन्हीकडची असते, जमिनीवर गुरुत्वाकर्षण त्यातली एक दाबून टाकतं. बी कशीही पडो, एक खुंटी कामाला येईल अशी ही बेगमी. चार बिया जास्तीच्या टाकायला आपण दुकानदाराकडून शिकतो. काकडीच्या बीने ते कधीचंच करून ठेवलंय.

उगवल्यावर घाई संपते असं वाटतं, आणि मग रोपं कोलमडतात. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं. पानं अजून हिरवीगार, पण मातीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्याएवढा बारीक झालेला. जमिनीतल्या बुरशीचं हे काम, आणि तिला लागतं ते ओलं माध्यम, कोंडलेली हवा आणि रात्रभर टिकणारा ओलावा. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, त्याच्या मागे लागू नये. तो कप आणि त्याच्या आजूबाजूचे चार कप उचलून बाजूला करावेत, पाणी थांबवावं, ट्रे वाऱ्याला ठेवावा. पाणी नेहमी सकाळी, झारीने किंवा झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने. संध्याकाळी कधीच नाही. पेरताना बियांना ट्रायकोडर्मा, ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, चोळलेली बरी. किलोला ५ ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे आपल्या पाकिटाला नखावर मावेल एवढं. दालचिनीची पूड भुरभुरा असा सल्ला हल्ली जागोजाग मिळतो. भुरभुरावी, पण पाण्याचा हात आखडल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही. रोपं जास्त प्रेमाने मरतात, हे या ट्रेमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

बाकीच्या खोड्या किरकोळ, पण माहीत असलेल्या बऱ्या. वांग्या-टोमॅटोची बी लाल मुंग्या रांगेने उचलून नेतात. ट्रे ठेवलेल्या टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की प्रश्न मिटतो. मार्चच्या दुपारी गच्चीवरच्या पाइपमधलं पहिलं पाणी चहा होईल इतकं तापलेलं असतं, ते बादलीत सोडून द्यावं, मगच झारी भरावी. खिडकीतला ट्रे रोज अर्धा फिरवावा, नाहीतर सगळी रोपं एकाच दिशेला कुर्निसात करत उभी. मिरचीवर फुलकिडे आणि पांढरी माशी दोन पानांवर असतानाच बसते आणि बोकड्या, म्हणजे पानं वळून आक्रसण्याचा रोग, येतो, तो मग लावणीनंतर दिसतो; म्हणून ट्रेवर बारीक नायलॉन जाळी पहिल्या दिवसापासून.

यानंतरचं काम मात्र कुणालाच आवडत नाही.

त्या ५० कपांपैकी १८ कपांत दोन-दोन रोपं आहेत. दोन्ही चांगली. पहिलं खरं पान दिसलं की त्यातलं एक काढायचं असतं. उपटायचं नाही, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, दोन्ही हलतात. छोट्या कात्रीने मातीलगत कापायचं. बहुतेक लोक इथे थांबतात. वाटतं, असू देत, दोघं वाढतील. दोघं वाढतातही, तीन आठवडे, आणि मग दोघंही काडीसारखी. कोणतं ठेवायचं याचा नियम माझ्यापुरता असा : उंच ते नको, बुटकं आणि जाड देठाचं ते ठेवा, कारण उंची बहुतेक वेळा उजेडाच्या उपासमारीतून आलेली असते. जास्तीच्या बिया टाकायच्या सल्ल्याचं हे मागचं पान, जे कोणी वाचून दाखवत नाही. चार न उगवतील म्हणून चार जास्त टाकल्या, आणि त्या उगवल्या. आता त्यांचं काय? नशिबाने साथ दिली तर त्याचाही खर्च असतो. कुणी म्हणेल, काढलेली रोपं दुसऱ्या कपात लावा. वांगं, टोमॅटो दोन पानांवर अलगद काढून लावता येतो, आठवडाभर मागे पडतो इतकंच. काकडी, दुधीला मुळं दुखावलेली चालत नाहीत. तिथे कात्रीच.

हे सगळं बोलताना एक भान ठेवावं लागतं. गच्चीवरच्या ट्रेमध्ये न उगवलेल्या बीची किंमत वीस-तीस रुपये आणि थोडी चुटपुट. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा ढीग लागला, तेव्हा न उगवलेल्या प्रत्येक बीमागे बियाण्याचे, खताचे, ट्रॅक्टरचे उसने पैसे होते. दुबार पेरणी हे दोन शब्द बातमीत वाचायला हलके आहेत. पहिल्या पेरणीवेळी उमेद असते. दुसऱ्या पेरणीला ती नसली तरी पेरावं लागतं, कारण हंगाम थांबत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र झोडपला तेव्हा तर उगवण, वाढ, फळधारणा सगळं पार पडलेलं होतं, काढणी तेवढी राहिली होती. पाकिटावर छापलेली टक्केवारी फक्त मोडापर्यंतची असते. पुढच्या टप्प्यांची कुणीच छापत नाही. म्हणून आशेबद्दल गच्चीवरून लिहिताना आवाज जरा खालीच असलेला बरा.

रोप लावणीला येण्याआधीचा आठवडा त्याला मुद्दाम जड जाऊ द्यायचा. मिरची ट्रेमध्ये ३० ते ३५ दिवसांत, वांगं चार-पाच आठवड्यांत तयार होतं. दुधी, काकडी दोन खऱ्या पानांवर, १२ ते १५ दिवसांतच लावून टाकावी, लाड करू नयेत. शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी करायचं, पानं दुपारी किंचित मलूल होऊ द्यायची, आणि ऊन रोज तासा-दीड तासाने वाढवायचं. याने देठ टणक होतो. जाळीतून उचलून थेट एप्रिलच्या उन्हात ठेवलेल्या रोपाची पानं दोन तासांत पांढरी पडतात, ती पुन्हा हिरवी होत नाहीत. लावणी संध्याकाळी, मुळाभोवतीच्या कोकोपीटच्या गोळ्यासकट, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारी सावली. कुंडीवर उसाच्या चिपाडाचं किंवा वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन घातलं की बरंच पाणी वाचतं. वैशाखात रोप जगतं ते या दोन इंचांवर, आपल्या इच्छेवर नव्हे.

वेलांवर पहिली फुलं दिसली की आनंदाने नाचू नये. ती बहुतेक सगळी नर असतात. दिवस मोठा आणि ऊन कडक असलं की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं, उशिरा पेरलेल्या दोडक्यावर तर दोन-तीन आठवडे नुसती पिवळी रोषणाई आणि फळाचं नाव नाही. वेल बिघडलेला नाही. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ आधीच असतं, ते दिसेपर्यंत थांबायचं, नत्राचं खत मुळीच द्यायचं नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा गच्चीवर मधमाशी नसते, पतंग आला तर आला. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलके टेकवायचे. दोन दिवसांत ते चिमुकलं फळ खाली मान घालून फुगायला लागलं तर धरलं. पिवळं पडलं तर पुढचं फूल.

या सगळ्याच्या टोकाला पुन्हा बीच असते, आणि संकरित वाण असेल तर ती धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विस्कटतात. सरळ वाण असेल, म्हणजे दुधीत राहुरी विद्यापीठाचा सम्राट, भेंडीत परभणी क्रांती, किंवा कुणाच्या परसातलं गावठी वाण, तर धरावी. (परभणी क्रांतीचं एकेकाळी मोठं नाव झालं ते हळद्या रोगाला दाद देत नाही म्हणून, आता ती पूर्वीइतकी दाद न देणारी राहिलेली नाही, पण भाजीला अजून चांगली.) अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावठी वालाच्या, भाज्यांच्या बिया शहरात बातमीचा विषय झाल्या. त्याआधी त्या गावोगाव बायकांच्या हातात होत्याच : राखेत घोळवून मडक्यात, शेणात थापून भिंतीला, नाहीतर वाळका दोडका दाराशी टांगून. त्यामागचं शास्त्र एका ओळीचं आहे. बीमधली ओल एक टक्क्याने कमी झाली की तिचं आयुष्य दुपटीच्या घरात जातं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. राख ओल शोषते, भिंत गारवा देते. आपण घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि बरणीवर साल लिहावं. कांद्याचं बी एका वर्षात म्हातारं होतं, भेंडीचं दोन वर्षांत, मिरची दोन-तीन वर्षं चालते, टोमॅटो आणि काकडी चार-पाच वर्षं.

दुधीची बी धरायची तर वेलावरच्या पहिल्या-दुसऱ्या चांगल्या फळातली धरावी, शेवटच्या खुरट्यातली नव्हे. फळ वेलावरच दीड-दोन महिने ठेवायचं, साल कडक तपकिरी होऊन हलवल्यावर आत बिया वाजेपर्यंत. त्याला तोटा आहेच. वेलाची ताकद तिकडे जाते आणि नवी फळं कमी लागतात, म्हणून शेतकरी बियाण्यासाठी वेल वेगळा राखतो. गच्चीवर वेल एकच असतो, आणि नेमकं ते सगळ्यांत देखणं फळ कोवळं आहे तोवर घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत भरतं. चणाडाळ घालून भाजी होईल, हलवा होईल, पाहुणे येणार आहेत. ठरलेल्या फळाच्या देठाला लाल चिंधी बांधून ठेवावी, आणि त्या दिवशी मंडईतून दुसरा दुधी आणावा.